पीएम6 या सौर सेलमधल्या पॉलिमरची बॅच बदलली की फिल फॅक्टर का पडतो?

थायोफीन: स्टिले जोडणीने (पॅलेडियम वापरून कथिलवाला आणि ब्रोमिनवाला मोनोमर जोडणं) पीएम6 च्या दोन बॅचेस केल्या. प्रत्येक मोनोमर 0.2 मिलिमोल, टोल्युईन, 110 अंश. पहिलीचा एमएन (सरासरी रेणुभार) 45 हजार, दुसरीचा 19 हजार. वाय6 (इलेक्ट्रॉन घेणारा रेणू) बरोबरच्या सेलमध्ये व्होल्टेज दोन्हींचं सारखंच, पण फिल फॅक्टर (कमाल व्होल्टेज आणि कमाल प्रवाह यांच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष मिळणारी शक्ती) 73 वरून 59 टक्के. द्रावण तेच: क्लोरोफॉर्म, पीएम6 आणि वाय6 1:1.2, एकूण 16 मिग्रॅ प्रति मिली, 0.5 टक्के क्लोरोनॅफ्थलीन. तिसरा मोनोमर घालून रचनाच बदलावी का?

गाळणी: रचनेला हात लावू नका, आधी कथिलवाला मोनोमर तपासा. त्याचे 0.2 मिलिमोल म्हणजे 188 मिग्रॅ. त्यातले 9 मिग्रॅ अशुद्ध असले की दोन मोनोमरांचं प्रमाण 0.95 वर येतं, आणि कॅरोदर्सच्या सूत्राने (या प्रमाणावरून साखळीची लांबी काढतात) साखळी 39 मोनोमरांवर थांबते. दोन मोनोमर मिळून होणारं पुनरावर्ती एकक साधारण 1,220 चं, म्हणजे जास्तीत जास्त 24 हजार! तुमचे 19 हजार इथेच कुठेतरी बसतात. एका बाजूचं कथिल गळालेला रेणू तर साखळीचं तोंडच बंद करतो. हा मोनोमर साध्या सिलिकावरून काढू नका, तिथे कथिल गळतं. पुन्हा स्फटिकीकरण करा आणि एनएमआरमध्ये 0.4 पीपीएमजवळच्या मिथाइलच्या शिखराचं क्षेत्रफळ अरोमॅटिक प्रोटॉनशी ताडून बघा. हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच, ट्रायमिथाइल कथिलाची संयुगं फार विषारी.

सॉक्सलेट: सहमत. आखूड साखळ्या एका स्फटिकी भागातून दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत, होलची (धन प्रभाराची) गतिशीलता घटते, आणि प्रभार गोळा होण्याआधीच पुनर्संयोग होतो. व्होल्टेज तेवढंच राहून फिल फॅक्टर पडतो तो यामुळे. एक मात्र विचारतो, एमएन कुठल्या तापमानाला मोजला? पीएम6 थंड द्रावणात गोळा होतो आणि आकडा फुगतो. ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये, 150 अंशांना मोजा. पॉलिमर सॉक्सलेट उपकरणात द्रावकांनी ओळीने धुवा: मिथेनॉल, ॲसिटोन, हेक्सेन, मग क्लोरोफॉर्म. उरलेलं पॅलेडियम काढायला सोडियम डायएथिलडायथायोकार्बामेटच्या पाण्याने धुवा.

थायोफीन: टीएचएफ या द्रावकात, 40 अंशांना मोजला होता. म्हणजे दोन्ही आकडे संशयास्पद.

गाळणी: तुलना पुन्हा करा. तिसरा मोनोमर साखळीची नियमितता मोडून गोळा होणं कमी करतो. रेणुभार इतका वाढला की द्रावण जेलसारखं होतं, तेव्हा तो कामाचा. आखूड साखळी त्याने लांब होत नाही.