अभिनय, गाणं, चित्रं : तरुण कलाकारांनो, तुमचे अनुभव लिहा

अभिनयाबरोबर गाणं किंवा चित्रकलाही मनापासून करणाऱ्या तरुण कलाकारांसाठी हा धागा. अमोल पालेकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, मग नाटक-सिनेमात आले आणि पुढे पुन्हा चित्रांकडे वळले, हे उदाहरण सगळेच देतात. पण पंचविशीत, नाव झालेलं नसताना, हे कसं जमतं? रियाज कधी होतो, पैसे कशाचे मिळतात, काय सुटतं, ते सविस्तर लिहा.

*

माझी सुरुवात पुण्यात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून. तिथे नाटकातच गाणं, वादन, चित्र गुंफायचं असतं आणि एखादी कला ओढूनताणून आणली असेल तर ती लगेच उघडी पडते. मी चित्रकाराच्या भूमिकेत बोलता बोलता खरंच चित्र काढायचो. पाठ प्रेक्षकांकडे, त्यामुळे आवाज मागे पोचेना. दिग्दर्शकाने कॅनव्हास तिरका लावला आणि कुठल्या वाक्याला कुठला फटकारा ते बांधून दिलं. शेवटचा बरोबर तबल्याच्या समेवर. आज कॅमेऱ्यासमोर चहाचा कप उचलतानाही ती तालीम कामाला येते.

*

मी कुडाळजवळचा. दशावतारात स्त्रीपार्ट करतो. आमच्यात नट वेगळा आणि गाणारा वेगळा असं नसतंच. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, संवाद उभं राहिल्यावर सुचतील तसे. प्रवेशाचं पद स्वतः म्हणायचं, साथीला पेटी, पखवाज, झांज. तोंडही आपलं आपणच रंगवायचं. देवळाच्या पडवीत आरसा पेटाऱ्याला टेकवायचा, आधी सगळ्या चेहऱ्यावर रंगाचा हात, मग भुवया, शेवटी डोळे.

तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतात, पावसाळा आला की काम थांबतं. तेव्हा मी काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, रंगकामाला असतो. अंगाचा रंग आता स्प्रेने मारतात, पण डोळ्यांची आखणी हातानेच. बारीक ब्रश, रोखलेला श्वास. बुबुळ किंचित खाली उतरवलं की मूर्ती हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडे बघते. जत्रेत स्वतःचे डोळे रेखताना मी तेच करतो, कारण आमचे प्रेक्षक मांडी घालून खाली बसलेले असतात. काका एकदाच म्हणाले, "तुझो हात बसलो रे आता." त्या वाक्यावर माझी कितीतरी जागरणं निघाली.

*

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून आपले नट गातायत. तरी मुंबईत मला "तू नक्की काय करतेस?" हे विचारतातच, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मालिकेत दिवसभर रडारडीचे सीन केले की रात्री गळा गाण्याचा राहत नाही. म्हणून पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, तानपुरा मोबाइलवर, अगदी बारीक आवाजात, कारण भिंती पातळ आहेत. नाटकात धावत येऊन लगेच पद उचलायचं असतं. श्वास पुरेना, तेव्हा गुरुजींनी पट्टी काळी पाचवरून काळी चारवर, म्हणजे गाण्याचा मूळ सूर थोडा खाली, आणायला लावली.

पैशांचं स्पष्टच सांगते. मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी येतात, नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, हातोहात मिळते, घरभाडं त्यावर निघतं. एका निर्मात्याने माझ्याकडून चाली लावून घेतल्या आणि मानधन दिलं फक्त भूमिकेचं. आता संगीताचं मानधन वेगळं आणि जाहिरातीत नाव कुठे येणार, दोन्ही आधी लिहून घेते. नव्या मुलींनीही घ्याच.

*

माझा मुलगा नागपुरात बारावीला आहे. तबला वाजवतो, एकांकिका करतो, तिकडची पोस्टरं तोच रंगवतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य एकाच छताखाली शिकवतात, म्हणून तिथला विचार चाललाय. नाटकाला प्रवेश घेतलेल्या मुलांना संगीताच्या वर्गात बसू देतात का? आणि तबल्याच्या रियाजाला जागा मिळते का? तिथे शिकलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.