जुन्या सामानातून खताचा खोका: तुमचे अनुभव लिहा

अंगणवेल
शेजारच्या घराचं काम निघालंय. काल तिथे राडारोड्याच्या ढिगावर फटींच्या लाकडी झडपा पडलेल्या दिसल्या आणि बाबांचा खताचा खोका डोळ्यांपुढे आला. खिडक्या बदलल्या तेव्हा निघालेल्या अशाच झडपा उभ्या करून त्यांनी तीन बाजू केल्या होत्या. फटी मुळातच असल्यामुळे हवेसाठी वेगळी भोकं पाडावी लागली नाहीत. चौथी बाजू मला सगळ्यात आवडायची. दोन्ही कोपऱ्यांत उभ्या पट्ट्या ठोकून मध्ये खाच ठेवलेली, तिच्यात वरून एकेक सुटी फळी सरकवायची. ढीग चढेल तशी फळी वाढवायची, खत काढायचं असलं की फळ्या ओढून घ्यायच्या आणि फावडं थेट आत. तळ नव्हताच. ढीग मातीला टेकलेला, गांडुळं आपणहून वर यायची.

बाबा आता नाहीत, तो खोकाही नाही. मालकांना विचारून त्या झडपा उचलून आणल्यात. तुम्ही कशाकशापासून खोके केलेत, काय टिकलं, काय कुजलं, सगळं लिहा. टाइप करायचा कंटाळा करू नका, प्लीज.

सुतारपक्षी
पॅलेट! मालाखाली असतात त्या लाकडी चौकटी. चार उभ्या करायच्या, कोपरे जाड तारेने आवळायचे, झालं. पुढची एक नुसती दोरीने बांधा, म्हणजे दारासारखी उघडते. सोडून फळ्या करायच्या भानगडीत शक्यतो पडूच नका, खिळे पिळाचे असतात आणि ओढताना फळी चिरते.

पण एक बघाच. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि त्याशेजारी अक्षरं डागलेली असतात. एचटी असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, निदान ३० मिनिटं. ते बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घेऊ नका. शिक्का चांगला असूनही लाकडावर तेलाचे किंवा कसले डाग, वास असेल तरी नको. वर काय सांडलंय ते शिक्का सांगत नाही.

चष्मेवाली
अंगणवेल, झडपांना रंग आहे का?

अंगणवेल
हो, हिरवा ऑइलपेंट. बराच जुना दिसतोय, पोपडे सुटलेत. का गं?

चष्मेवाली
मग थांब. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. पोपडे ढिगात पडले तर शिसं खतात आणि खतातून वाफ्यात जातं. ते कुजून नाहीसं होत नाही, मातीतच राहतं. आणि पॉलिश पेपरने घासून काढू म्हणशील तर ते तर मुळीच नको, ती धूळ श्वासात जाते. घरात लहान मुलं असतील तर झडपा त्यांच्या हाताशीही ठेवू नकोस. बाबांची आठवण आहे हे कळतंय, म्हणून लिहिताना जड गेलं.

कडूनिंब
चष्मेवालीला +१. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही त्याच यादीत, त्यांना क्रिओसोट, म्हणजे डांबरापासूनचं विषारी तेल, पाजलेलं असतं. हिरवट झाक असलेलं जुनं प्रक्रिया केलेलं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं. प्लायवूड, एमडीएफ भिजलं की फुगून सुटं होतं आणि गोंद ढिगात उतरतो. झाकण म्हणून सिमेंटचा जुना पत्रा कुणी देऊ केला तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. कापू नका, भोकं पाडू नका. जुनं सामान घेताना माझा पहिला प्रश्न एकच, हे आधी कुठे होतं?

रानजाई
अंगणवेल, तुझे बाबा किती विचार करून काम करायचे गं. तळ न ठेवणं कितीजणांना सुचतं? आमच्या आजीचा नुसता उकिरडा होता गोठ्यामागे, त्यावर भोपळा आपोआप उगवायचा आणि असा पसरायचा की गोठा दिसेनासा. त्या भोपळ्यांना जी चव होती... असो, विषय भलतीकडे गेला. गॅसवर काहीतरी आहे, येते परत.

साधासुधा
वॉशिंग मशीनचा ड्रम! बिघडलेल्या मशीनमधला आतला स्टीलचा ड्रम भंगारवाल्याकडून मिळतो. भोकं आयती, गंज नाही, उंदीर कुरतडू शकत नाही. चार विटांवर ठेवलाय, वर जड झाकण. लहान आहे, त्यामुळे ढीग फार तापत नाही, सावकाश होतं. पण दोन माणसांच्या स्वयंपाकघराला पुरतो. शेजारच्या मुलांना त्यात डोकावायला फार आवडतं. अळ्या दिसल्या की ओरडत येतात, काका बघा बघा. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, चावत नाहीत, ओला कचरा भराभर संपवतात. मुलांना आता नावासकट माहीत आहेत.

दुपारची_झोप
अळ्यांचा फोटो टाकू नका हं कुणी 🙏 जेवतेय

पानगळ
मापाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ढीग गरम व्हायला हवा असेल तर लांबी, रुंदी, उंची एकेक मीटरच्या आसपास पाहिजे. त्याहून लहान ढीग आतली ऊब धरून ठेवू शकत नाही. आत ५५ अंशांवर तीन दिवस राहिलं तर रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं, पण बाहेरचा थर थंडच असतो, म्हणून उलथापालथ करून तो आत घ्यायचा. ७० च्या वर गेलं तर कामाचे जीवाणूच मरायला लागतात, तेव्हाही उलटून हवा द्यायची. म्हणूनच ती सरकत्या फळ्यांची पुढची बाजू मला फार मोलाची वाटते. ज्या खोक्याचा ढीग उलटता येत नाही तो हळूहळू कचरापेटी होतो.

दोन खोके शेजारी शेजारी केले तर आणखी सोपं, एकातलं दुसऱ्यात फेकायचं की उलटून झालं. मधली भिंत एकच लागते, सामानही वाचतं.

कडूनिंब
पानगळ, पाठ कशी आहे आता? मागे लिहिलं होतंस.

पानगळ
बरी आहे रे. लांब दांड्याचा काट्या घेतला, वाकावं लागत नाही. विचारलंस, बरं वाटलं.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. चष्मेवाली, जड कसलं, तू वेळेवर सांगितलंस. झडपा पोत्यात नीट गुंडाळून बाजूला ठेवल्यात, खोक्यात जाणार नाहीत. पुढची खाचेची बाजू मात्र बाबांसारखीच करणार, पॅलेटच्या कोऱ्या फळ्यांची. सुतारपक्षी, खिळे पिळाचे असतील तर त्या सोडवायच्या कशा?

सुतारपक्षी
ओढू नका, कापा. फळी आणि खालच्या ठोकळ्याच्या मध्ये लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून खिळाच कापायचा. डोकं फळीत राहिलं तरी बिघडत नाही. जाड हातमोजे, बंद बूट घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते बघून ठेवा. खाचेत फळी सैल बसली पाहिजे, ओली झाली की फुगते आणि अडकते.

रानजाई
आले परत. माझा प्रश्न, वास येतो त्याचं काय? भावाकडे सिमेंट न लावता नुसत्या जुन्या विटा फटी ठेवून रचल्यात, छान दिसतं, पण सध्या जवळ जाववत नाही.

पानगळ
कसला वास? नाकात झोंबणारा अमोनियाचा असेल तर ओलं, हिरवं जास्त झालंय. सडक्या अंड्याचा असेल तर हवा संपलीय. दोन्हीला उपाय बहुतेक तोच, उलटायचं आणि सुकं घालायचं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला एक हवं असतं. अंदाजाने एक घमेलं ओलं तर दोन-तीन घमेली पाचोळा. लाकडाचा भुसा जरा बेतानेच, त्यात कार्बन इतका असतो की ढीग थंडावतो. ओल बघायला मूठभर घेऊन घट्ट दाबा. एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुकं घाला. आणि तयार खत थोडं विरजणासारखं नव्या ढिगात मिसळा.

साधासुधा
हे थर लावणं, उलटणं नीट प्रयोग करून मांडलं ते इंदूरला, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी. १९३१ साली छापून आलं. शेतातला काडीकचरा आणि शेण, त्यापासून साधारण तीन महिन्यांत खत. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. वाडांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुपारची_झोप
हे माहीत नव्हतं! धन्यवाद. झाडाखालचा पाचोळाच इतका आहे आमच्याकडे, त्यासाठी खोका लागेल का?

कडूनिंब
नुसत्या पानांना जुन्या कुंपणाची जाळी गोल करून उभी केली तरी पुरे. ते मुख्यतः बुरशीचं काम, तापत नाही, वर्ष-दोन वर्षं लागतात. पानं भिजवून भरा आणि विसरून जा. स्वयंपाकघरातलं मात्र त्यात नको, उंदीर येतील. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खोक्याला तळाशी बारीक चौकोनांची वेल्डेड जाळी लावा, १२ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नकोत. गांडुळं येतात-जातात, उंदराला वाट मिळत नाही. कोंबड्यांची पातळ जाळी तो कुरतडतो.

रानजाई
भावाला कळवलं. दुपारी उलटतोय म्हणाला. अंडी ट्रेसकट टाकली तर चालतील का विचारतोय, म्हणजे अंड्यांची कवचं आणि तो पुठ्ठ्याचा ट्रे.

पानगळ
दोन्ही चालतील. ट्रे भिजवून फाडायचा, कवचं चुरायची, नाहीतर कवचं खतात तशीच दिसत राहतात.