न्यूरेंबर्गहून शनिवार-रविवारात कोणती जुनी शहरे पाहावीत?

धरमपेठकर
नमस्कार. मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला असते आणि नागपूरचे ऊन टाळून आम्ही उभयता मे महिन्यात तिच्याकडे जात आहोत. तिला सुट्टी फक्त शनिवार-रविवारी असल्यामुळे त्या दोन दिवसांत बांबेर्ग, रेगेन्सबुर्ग आणि रोथेनबुर्ग ही तिन्ही गावे बसवावीत, असा विचार आहे. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना हे झेपेल का? नसल्यास कोणते गाव गाळावे?

वऱ्हाडी प्रवासी
रोथेनबुर्ग गाळा. गाव देखणे आहे, यात वाद नाही. पण वाटेत गाड्या बदलाव्या लागतात आणि पर्यटकांची झुंबड असते. मुक्काम मुलीकडेच ठेवून शनिवारी बांबेर्ग आणि रविवारी रेगेन्सबुर्ग करा. ‘बायर्न तिकीट’ (बव्हेरिया राज्यातले एक दिवसाचे रेल्वे तिकीट) एकत्र काढल्यास पाच जणांपर्यंत चालते, मात्र आयसीईसारख्या जलद गाड्यांत नाही. बांबेर्गचा जुना टाउन हॉल रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभा आहे. त्याच्या भिंतीवरील चित्रातल्या एका बालदेवदूताचा पाय चक्क भिंतीबाहेर आलेला आहे. तो शोधल्याशिवाय पूल ओलांडू नका.

जुने दगड
क्रमाबद्दल थोडा मतभेद आहे. आधी एखाद्या संध्याकाळी खुद्द न्यूरेंबर्गचे जुने शहर पाहून घ्या. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला आणि आज दिसते त्यातले पुष्कळसे नंतर पुन्हा उभारलेले आहे. रेगेन्सबुर्गचे जुने शहर मात्र युद्धातून बऱ्याच अंशी वाचले, त्यामुळे डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल पाहताना हा फरक आपोआप जाणवतो. माझ्या मते शनिवार-रविवारात तीन गावांपेक्षा बांबेर्ग आणि रेगेन्सबुर्ग ही दोनच सावकाश पाहिलेली बरी.

सीताबर्डी
गुडघ्यांबद्दल सांगतो: बांबेर्गच्या कॅथेड्रलकडे जाणारा रस्ता चढाचा आणि दगडी फरसबंदीचा आहे. तळ चांगला असलेले बूट हवेत. चपलांनी त्रास होईल. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून दूध-फळे शनिवारीच आणून ठेवा. मोठ्या स्थानकांवरची काही दुकाने तेवढी उघडी मिळतात.

धरमपेठकर
आभारी आहे. रोथेनबुर्ग गाळले. रेगेन्सबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी मुलांचे गायनवृंद प्रार्थनेत गातात असे मुलगी सांगते. बाहेरच्यांना बसू देतात का?

जुने दगड
देतात, पण प्रार्थना चालू असताना फिरून पाहण्याची मुभा नसते. वेळेआधी जाऊन मागच्या बाकावर बसा. शाळेच्या सुट्ट्यांत ते गात नाहीत, म्हणून तारीख आधी तपासून घ्या.