मदत हवी आहे : मॅरेथॉनमध्ये ३० किलोमीटरनंतर पाय साथ सोडतात, चूक नेमकी कुठे होते?

नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे नियमित धावते आहे. या काळात सहा हाफ मॅरेथॉन (प्रत्येकी सुमारे २१.१ किलोमीटर) पूर्ण केल्या असून त्यांतील सर्वोत्तम वेळ २ तास ४ मिनिटे आहे. पाच महिन्यांपूर्वी पहिली पूर्ण मॅरेथॉन धावले. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पार झाले, पदकही मिळाले. पण शेवटच्या बारा किलोमीटरांतला बराचसा भाग मी चालत काढला, आणि असे का झाले हे मला अजूनही नीट उमगलेले नाही. पुढच्या शर्यतीला अठरा आठवडे उरले आहेत. अर्धवट माहितीवर कोणी नेमका सल्ला देऊ शकणार नाही, म्हणून सगळा तपशील जसा घडला तसा मांडते आहे. तो थोडा लांबला आहे.

प्रथम शर्यतीबद्दल. माझे लक्ष्य ४ तास १५ मिनिटांचे होते, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटे ३ सेकंद. सुरुवातीला पाय हलके वाटत होते, त्यामुळे पहिला अर्धा भाग मी २ तास ५ मिनिटांत पूर्ण केला. ३० किलोमीटरच्या खुणेवर घड्याळात ३ तास १ मिनिट झाले होते. हिशेबाप्रमाणे मी अगदी वेळापत्रकावर होते आणि मनातून फार आनंदात होते. त्यानंतर दीड किलोमीटरही झाला नसेल, तोच मांड्या दगडासारख्या जड झाल्या, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, आणि पुढचे पाऊल टाकायचे एवढा एकच विचार डोक्यात उरला. उरलेल्या १२.१९५ किलोमीटरांना १ तास ५१ मिनिटे लागली. एकूण वेळ ४ तास ५२ मिनिटे. चाळिसाव्या किलोमीटरपाशी माझी मुलगी उभी होती. तिथून शेवटपर्यंत रस्त्याच्या कडेने माझ्याबरोबर धावायचे असे तिने आठवडाभर आधीच ठरवले होते. ती धावायला तयार होती आणि मला धावता येत नव्हते. हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही, आणि खरे सांगायचे तर ही सगळी चौकशी मी त्यासाठीच करते आहे.

आता सरावाबद्दल. सोळा आठवड्यांचा आराखडा होता आणि आठवड्यातून चार दिवस धावत होते. आठवड्याचे अंतर बहुतेक वेळा ३५ ते ४० किलोमीटर भरे. सर्वांत जास्त भरले तो आठवडा ४८ किलोमीटरांचा होता. लाँग रन, म्हणजे आठवड्यातले सर्वांत लांबचे धावणे, २६, २८, ३० आणि शेवटी, शर्यतीच्या तीन आठवडे आधी, ३२ किलोमीटरांचा केला. हे सगळे लाँग रन मी ६ मिनिटे ते ६ मिनिटे १० सेकंदांच्या पेसने (म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेने) केले, कारण शर्यतीत ज्या वेगाने धावायचे त्याच वेगाची पायांना सवय असावी अशी माझी समजूत होती. मधले सोपे रनही साधारण त्याच पेसने होत. अकराव्या आठवड्यात ताप आल्यामुळे दहा दिवस वाया गेले आणि पुढच्या दोन आठवड्यांत ते अंतर भरून काढण्याचा मी प्रयत्न केला. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम पहिले दोन महिने केला आणि अंतर वाढल्यावर सोडून दिला.

खाण्यापिण्याबद्दलही लिहायला हवे. आदल्या रात्री नेहमीपेक्षा बरेच जास्त जेवले. शर्यतीत प्रत्येकी २५ ग्रॅम कर्बोदकांची दोन जेल (धावताना खायची गोड, घट्ट पाकासारखी पाकिटे) घेतली, एक पंधराव्या आणि दुसरे अठ्ठाविसाव्या किलोमीटरला. सरावात जेल एकदाच वापरून पाहिले होते आणि तेव्हा मळमळले होते, म्हणून शर्यतीत शक्य तितके टाळले. पाण्याबाबत मात्र मी फार दक्ष होते. निर्जलीकरणाची भीती असल्यामुळे प्रत्येक पाणीकेंद्रावर थांबून दोन पेले पाणी प्यायले. गुडघा दुखू नये म्हणून निघण्यापूर्वी सूज व वेदना कमी करणारी एक गोळी घेतली होती. शर्यत संपल्यावर डोके दुखत होते, मळमळत होते आणि बोटांतली अंगठी निघत नव्हती. घरी येऊन वजन केले तर सकाळच्या ५८ किलोपेक्षा अर्धा किलो जास्त भरले. काटा बिघडला असेल असे समजून मी ते सोडून दिले.

घड्याळातील हृदयगतीची नोंद माझ्याकडे आहे. सर्वोत्तम हाफ मॅरेथॉनमध्ये सरासरी १६७ होती. या शर्यतीच्या पहिल्या अर्ध्या भागात १६६. माझी सर्वाधिक हृदयगती १८४ आहे.

माझा स्वतःचा अंदाज असा आहे की लाँग रन कमी पडले आणि अंगातले पाणी कमी झाले. म्हणून या खेपेला निदान एकदा ३६ ते ३८ किलोमीटर धावावे आणि शर्यतीत पाणी आणखी नियमितपणे प्यावे, असे ठरवत होते. हा विचार बरोबर आहे का? लक्ष्य पुन्हा ४ तास १५ मिनिटांचे ठेवावे का? आणि अठरा आठवडे हातात असताना पाचवा दिवस वाढवावा, की चार दिवसच ठेवून लाँग रनवर भर द्यावा? अनुभवी धावपटूंनी व जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. चुका दाखवताना संकोच करू नये.

प्रतिसाद १

तुम्ही आकडे दिले हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. तुमची घसरण ३० किलोमीटरनंतर सुरू झालेली नाही. पहिला अर्धा भाग २ तास ५ मिनिटांत, म्हणजे ५:५५ च्या पेसने झाला. तिथून ३० किलोमीटरपर्यंतच्या ८.९ किलोमीटरांना ५६ मिनिटे लागली, म्हणजे पेस ६:१७ झाला होता. सुरुवातीला कमावलेली मिनिटे तुम्ही बावीस ते तीस या पट्ट्यात खर्च करत होतात; म्हणून घड्याळ वेळापत्रकावर दिसत होते आणि शरीर मात्र केव्हाच मागे पडले होते. हृदयगतीही तेच सांगते. १६६ ही तुमची हाफ मॅरेथॉनची हृदयगती आहे. पूर्ण मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग तुम्ही हाफ मॅरेथॉनच्या कष्टाने धावलात, आणि मग आणखी तितकेच अंतर समोर उरले.

लक्ष्याविषयी : पीट रीगेल यांच्या सूत्राप्रमाणे हाफच्या वेळेला सुमारे २.०८ ने गुणले की मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. तुमच्या बाबतीत तो ४ तास १८ मिनिटांच्या आसपास येतो. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्या हौशी धावपटूला मात्र हे सूत्र अनेकदा जास्त आशावादी ठरते, आणि तुमचे लक्ष्य त्याहूनही पुढचे होते. माझ्या मते ४ तास ३० मिनिटे, म्हणजे ६:२४ चा पेस, हे या वेळचे प्रामाणिक लक्ष्य आहे. पहिले पाच किलोमीटर ६:३० ने धावावेत. पाय कितीही हलके वाटले तरी तो हलकेपणा टेपरने, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्याने, दिलेला असतो, त्यावर विसंबू नये. २०२३ मध्ये शिकागोच्या मॅरेथॉनमध्ये केल्विन किप्टुम यांनी २:००:३५ या वेळेचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा सुमारे एका मिनिटाने जलद होता. आपल्यासारख्यांना तर ही शिस्त अधिकच लागू पडते.

३८ किलोमीटरांचा लाँग रन कृपया करू नका. ४८ किलोमीटरांच्या आठवड्यात ३२ चा एकच रन म्हणजे आठवड्याचे दोन तृतीयांश अंतर एका सकाळी, आणि तेही शर्यतीच्या वेगाने. तो सराव न राहता छोटी शर्यतच होते. त्यातून सावरण्यात पुढचा आठवडा जातो. पाचवा दिवस जरूर वाढवा, पण तो फक्त ४० मिनिटांच्या सोप्या रनसाठी. सोपा म्हणजे पूर्ण वाक्ये सहज बोलता येतील असा. तुमच्यासाठी तो पेस ६:४५ ते ७:१५ असेल. असे हळू धावताना वेळ वाया जातो आहे असे सुरुवातीला वाटते, परंतु दम टिकवणारी यंत्रणा याच रनमध्ये घडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येते. तीन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवून चौथ्या आठवड्यात कमी करत, आठवड्याचे अंतर ५५ किलोमीटरपर्यंत न्या. लाँग रन सव्वातीन तासांच्या पलीकडे नेऊ नका. तुमच्या पेसने ते २८ किलोमीटर होतील. त्यांपैकी दोन-तीन रनमध्ये शेवटचे आठ किलोमीटर ६:२४ च्या पेसने करा. आजारपणात बुडालेले अंतर भरून काढायचे नसते, ते सोडून द्यायचे असते.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे आणि स्वतःही धावतो. वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण तुमच्या लेखनातली एक गोष्ट मला पेसपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटली. काटा बिघडलेला नव्हता, असे मला वाटते. एवढे अंतर धावल्यावर वजन थोडे कमी होणे अपेक्षित असते. स्नायूंतील ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या कर्बोदकांच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, आणि ग्लायकोजेन वापरले गेले की तेही मोकळे होते. त्यामुळे एक-दीड किलोची घट म्हणजे धोका नव्हे. वजन वाढणे हा मात्र धोका आहे. डोकेदुखी, मळमळ आणि सुजलेली बोटे यांच्या जोडीला वाढलेले वजन असेल, तर रक्तातील सोडियम पाण्याने विरळ झाल्याची, म्हणजेच हायपोनॅट्रिमियाची, दाट शंका येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी त्याचा ठळक संबंध दिसला. लहान चणीचे आणि चार तासांहून अधिक वेळ धावणारे लोक यात अधिक सापडतात. असे पुन्हा झाले आणि गोंधळल्यासारखे वाटू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आणखी पाणी न पिता ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. तुम्ही घेतलेल्या प्रकारच्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि हा धोका वाढवतात. शर्यतीपूर्वी त्या घेऊ नयेत.

म्हणून पाणी वाढवू नका, मोजा. शर्यतीच्या वेगाने एक तास धावण्यापूर्वी आणि नंतर, कपड्यांविना, वजन करा. जितके किलो घटले त्यात प्यायलेले पाणी लिटरमध्ये मिळवले की तासाला गाळलेला घाम कळतो. पिणे त्याहून कमीच असावे, आणि तहान लागेल तसे असावे.

खरी कमतरता इंधनाची होती. धावताना साधारणपणे दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे तुम्हाला सुमारे २,४५० लागल्या. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा एवढ्याला पुरत नाही. उरलेली गरज चरबीतून भागते, पण जितके वेगाने धावाल तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो. जलद सुरुवातीने तुमचा साठा लवकर संपवला आणि जवळपास पाच तासांत बाहेरून मिळाले फक्त ५० ग्रॅम. तासाला ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक जेल, पहिल्या अर्ध्या तासापासूनच घ्यायला हवे. मळमळीवर उपाय टाळणे हा नाही. पोटालाही सराव लागतो. आजपासून प्रत्येक लाँग रनमध्ये जेल घ्या, आधी तासाला एक आणि काही आठवड्यांनी दोन, आणि ते थोड्या साध्या पाण्याबरोबर घ्या. आदल्या एका रात्री पोट भरून जेवण्याऐवजी शेवटचे दोन दिवस कर्बोदकांचे प्रमाण वाढवा.

गोळे येण्याचे कारण बहुधा मिठाच्या कमतरतेपेक्षा सवयीबाहेरचा ताण हे असावे. गुडघा वाकवून आणि सरळ ठेवून, अशा दोन्ही प्रकारे टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा शेवटपर्यंत चालू ठेवा. एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा) तपासून घ्या.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वजनाबद्दलचा परिच्छेद वाचून मी खरोखर हादरले. या वेळी आणखी पाणी पिण्याची मी तयारी करत होते, आणि हा प्रश्न इथे विचारला नसता तर ते केलेही असते. बावीस ते तीसचा हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला. तो डोळ्यांसमोर असूनही पाच महिने मला दिसला नव्हता, कारण मी केवळ ३० व्या किलोमीटरचे घड्याळ आठवत होते.

आता लक्ष्य ४ तास ३० मिनिटे, पाच दिवस धावणे, आणि सर्वांत लांबचा रन २८ किलोमीटर असे ठरवले आहे. काल सोपा रन सात मिनिटांच्या पेसने केला. हृदयगती १३८ राहिली आणि संपल्यावरही दम लागलेला नव्हता. रक्ततपासणी या आठवड्यात करून घेते.

एक शंका उरते. दर अर्ध्या तासाला जेल म्हणजे एकूण आठ जेल बरोबर न्यावी लागतील, आणि कमरेचा पट्टा मला दहा किलोमीटरनंतर काचतो. पट्ट्याखाली व्हॅसलीन लावून पाहिले, पण त्याने पुरेसा फरक पडला नाही. खिशांची चड्डी वापरणाऱ्यांनी, इतके वजन घेऊन ती खाली घसरते का, हे कृपया सांगावे. रविवारी १६ किलोमीटर आहेत, दोन जेलसह; धावण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन त्याच संध्याकाळी इथे लिहीन.