चर्चा: फॅमिली एसयूव्हीला २० इंची रिम? (पांदण, म्हणजे शेताच्या कच्च्या रस्तावाल्यांनी आवर्जून वाचा)

बुलंद_२० (मूळ पोस्ट)
स्कॉर्पिओ क्लासिकले कंपनीचे १७ इंची चाकं म्हणजे पहिलवानाच्या पायात स्लिपर. सरळ २५५/५० आर२० अलॉय टाका. गाडी उंच होते, रोडले चिपकून चालते, अन् लग्नाच्या मांडवासमोर उभी केली तं लोक नवरदेव सोडून गाडी पायते. बाकी सगळे बहाने.

पांदण_२९
‘बाकी सगळे बहाने’ हे वाक्य नसतं तर सोडून दिलं असतं. आता पूर्ण ऐका.

कंपनीचा टायर २३५/६५ आर१७: रुंदी २३५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. त्याचा व्यास ७३७ मिमी. तुमच्या २५५/५० आर२० चा ७६३. फरक २६ मिमी, साडेतीन टक्के. त्यातली निम्मीच उंची गाडीखाली मिळते, म्हणजे १३ मिमी. करंगळीएवढ्या उंचीसाठी साइडवॉल १५३ वरून १२७ वर आणला. पावसाळ्यानंतर पांदणीवरचा मुरूम वाहून जातो आणि उघडी गिट्टी उरते. चाक तिच्यावर आपटलं की रबर दगड आणि रिमची कड यांच्यात चिमटतं, आतले धागे तुटतात, दोन-चार दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. त्या फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बादच. स्टीलचा रिम वाकला तर ठोकून सरळ होतो. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग मारून त्यावर सात माणसं बसवायची हिंमत ज्याला आहे त्याला माझा लांबूनच नमस्कार.

काटा १०० वर असताना गाडी १०३ च्या वर धावणार. ओडोमीटर कमी मोजणार, मग ‘ॲव्हरेज पडला’ म्हणून बोंब. त्यातली थोडी घट मोजणीतली आणि बाकीची खरी, कारण जड रिम आणि रुंद टायर फिरवायला डिझेलच लागतं.

मोठंच करायचं असेल तर २४५/६५ आर१७. व्यास ७५०, वाढ पावणेदोन टक्के, साइडवॉल १५९. रिम तोच. विषय संपला.

बुलंद_२०
भाऊनं तं गणिताचा तासच घेतला. काटा कोणत्याच गाडीचा खरा नसते, कंपनीच दोन-चार किलोमीटर जास्त दाखवते. तुमच्याच हिशेबानं मोठ्या टायरवर काटा खरा झाला, आभार माना! अन् डांबर लागेपर्यंत पांदण किती? दोन किलोमीटर. तेवढ्यासाठी बाकीचा सगळा रस्ता डुलत जायचं का? उंच रबरावर गाडी वळणात झुलते, मागच्या सीटवर पोट्ट्यायले उलट्या होते. त्याचं गणित सांगा.

तुराटी_३०
दोघंही चुकून राहिले. आपल्याकडे प्रश्न रुंदीचा आहे.

पांदणीत खाली मुरमाचा थर असतो. अरुंद टायर गारा (चिखल) चिरून त्या थरापर्यंत पोचतो आणि पकड धरतो. २५५ चा वरच घसरत राहतो. वावरात उलट. तिथं खाली कडक काही नसतं, अरुंद टायर पोटापर्यंत बसतो. पण फॅमिली गाडी वावरात घालतं कोण? २३५ बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

आणि एटी (ऑल-टेरेन, खोल खाचांच्या) टायरचं वेड आधी आवरा. काळ्या मातीत पहिल्या वीस फुटांत खाचा भरतात, मग एटी काय आणि गुळगुळीत काय, सारखंच. वरून आवाज, वजन, ओल्या डांबरावर ब्रेक लांब. गिट्टीवर कापला जात नाही, एवढा एकच गुण खरा.

उंच साइडवॉलची आरती ओवाळणाऱ्यांसाठी: कापणी झाल्यावर तुरीची खुंटं तिरपी कापलेली उभी असतात, खिळ्यासारखी. ती जमिनीवरच्या नक्षीत नाही, बाजूलाच घुसतात. तिथं मशरूम पॅच (आतून लावायचं पंक्चरचं ठिगळ) चालत नाही. १५९ मिमीची भिंत म्हणजे खुंटाला तेवढी मोठी जागा.

पांदण_२९
खुंटाचं मान्य. पण खुंट चुकवता येतं, पाण्याखालचा खड्डा चुकवता येत नाही.

वर्धेकर_३२
मधला रस्ता कोणालाच सुचत नाही का? २३५/६० आर१८. व्यास ७३९, मूळ टायरपेक्षा फक्त २ मिमी जास्त. साइडवॉल १४१. एक्सयूव्ही ७०० ला कंपनीच खालच्या मॉडेलवर २३५/६५ आर१७ आणि वरच्यावर २३५/६० आर१८ देत होती, म्हणजे ही जोडी कागदावरची नाही. दिसायला चाक मोठं, झुलणं कमी, काटा जागेवर.

पण रिम घेताना नुसती डिझाइन पाहू नका. नटांची संख्या आणि पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळलं म्हणजे झालं असं दुकानदार म्हणतो, झालेलं नसतं. मधलं भोक हबपेक्षा (रिम ज्यावर बसतो त्या गाडीच्या भागापेक्षा) मोठं असेल तर रिंग बसवून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस तीनदा बॅलन्सिंग करून पैसे घालवतो. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बसण्याच्या जागेचं अंतर, मिमीत) ४५ ऐवजी ३५ घेतला की चाक १० मिमी बाहेर येतं: बेअरिंगवर ताण, दारावर गारा. स्पेसर (रिम आणि हबमधली चकती) लावून ‘ॲडजस्ट’ तर करूच नका. नटाची बैठक शंकूची की गोल, तेही पाहा. चुकीच्या बैठकीत नट आवळला तरी सुटतो. नट समोरासमोर आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या).

बसवल्यावर दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर तपासून उपयोग नाही. सात माणसांचं वजन ठेवा, एक पुढचं चाक धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. मडगार्डच्या अस्तरावर घासल्याची काळी रेघ दिसली की तो आकार तुमच्या गाडीचा नाही.

बुलंद_२०
१८ चं सोडा, समृद्धी महामार्गावर १२० नं जायचं तं कमी साइडवॉलच पायजे. उंच टायर सिमेंटवर तापते अन् फुटते. ऊन ४५ चं. हे तरी मान्य करा.

पांदण_२९
झालं! डिसेंबर २०२२ ला समृद्धी नागपूर ते शिर्डी सुरू झाली तेव्हापासून हेच रडगाणं, सिमेंट टायर फोडतं म्हणे. टायर फुटतो कमी हवेनं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला दुमडतो, त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते, आणि १२० वर ब्रेक न लावता दोन तास गेलं की ती बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यात सात जण, मागे सामान, टायर सहा वर्षं जुना. शिव्या मात्र रस्त्याला.

नायट्रोजन_प्रेमी
म्हणूनच नायट्रोजन भरा. गरम होत नाही, प्रेशर वाढत नाही. एवढं साधं असताना काय भांडता?

पांदण_२९
अरे देवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. सकाळी २६ अंशाला ३३ पीएसआय भरलं आणि टायर ६५ अंशांवर गेला की ३९ च्या आसपास दाखवणार. नायट्रोजन असो की पंपावरची फुकटची हवा, वाढ जवळपास तेवढीच. खरी गडबड पुढं होते. माणूस दुपारी ३९ पाहून घाबरतो आणि ३३ पर्यंत हवा सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २७-२८ वर असतो, आणि तोच घेऊन तो समृद्धीवर चढतो. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो तो पाहून. गरम टायरची हवा सोडायची नाही.

नायट्रोजन_प्रेमी
जवळपास तेवढीच म्हणता, पण गावातल्या कॉम्प्रेसरमधल्या पाण्याचं काय? टाकीखालची चावी कोणी महिनोन्‌महिने उघडत नाही. हवेसोबत पाणी टायरमध्ये जातं, तापलं की वाफ, आणि मग तुमचा ३९ चा हिशेब कोलमडतो. रिमही आतून गंजतो. नायट्रोजन कोरडा असतो, हा फायदा का लपवता?

तुराटी_३०
हे बरोबर बोलला गडी. पण मग फायदा कोरडेपणाचा झाला, नायट्रोजनचा नाही. भरण्याआधी पंक्चरवाल्याला टाकीतलं पाणी काढायला लावा, फुकट. आणि पंपावरचं गेज दोन-तीन पीएसआय इकडं-तिकडं असतं, स्वतःचं ठेवा.

पांदण_२९
पाण्याचा मुद्दा मान्य. पैसे देऊन भरण्याचा अजूनही नाही.

वर्धेकर_३२
धागा टायरच्या आकाराचा होता, मालक. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) अजून कोणी काढलाच नाही. १०४ म्हणजे चाकामागे ९०० किलो, १०० म्हणजे ८००. स्वस्तात १०० वाला घेतला की चार चाकांवर ४०० किलो गेले. एक्सएल (जास्त भाराचा टायर) घेणाऱ्यांनीही लक्ष द्या: तो आपला पूर्ण भार जास्त हवेवर उचलतो, म्हणून जुनाच आकडा डोळे मिटून भरू नका.

आणि टायर बनल्याची तारीख. बाजूला ४१२२ असेल तर २०२२ चा ४१ वा आठवडा. तालुक्याच्या दुकानात १७ चे टायर पटापट खपतात म्हणून ताजे मिळतात. २० इंची एक तर नागपूरहून मागवावा लागतो, नाहीतर वर्षानुवर्षं टांगलेला असतो आणि दुकानदार पॉलिश मारून ‘नवा माल’ म्हणून देतो. ही पॉलिशची फसवणूक तर...

बुलंद_२०
आता दुकानदारायवर घसरले! तुम्ही आधी ठरवा बावा, रस्ता वाईट, हवा वाईट, दुकान वाईट, का माह्या रिम वाईट?

पांदण_२९
रिम. आणि विम्याचं सांगायचं राहिलं. आकार बदलून कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर नेमकं तिथंच बोट ठेवतो. लेखी कळवा, पोच घ्या.

बुलंद_२०
बरं बरं. २५५/५० आर२० कॅन्सल. तुमच्या गणितामुळं नाही, तालुक्यात टायर भेटत नाही म्हणून. १८ करतो, २३५/६०, १०४ च्या खाली नाही. झालं समाधान?

तुराटी_३०
स्टेपनी?

बुलंद_२०
स्टेपनी आहे ना, जुनी १७ चीच. व्यास सारखाच हाये म्हणे, २ मिमीचा फरक.

तुराटी_३०
व्यास जुळतो. पण ती गाडी घेतल्यापासून खाली लटकून उन्हात आणि गाऱ्यात आहे, तिची तारीख वाचली का कधी? आणि नव्या अलॉयचे नट वेगळ्या बैठकीचे निघाले तर जुन्या स्टीलच्या रिमला चालणार नाहीत. जुने पाच नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेव. नाहीतर रात्री पुलगावच्या पुढं स्टेपनी हातात, नट चुकीचे, अन् फोन आम्हाले.