सुट्टीत मुलांना रमवायचा ठेका आईबापांनी का घ्यायचा?

रिकामटेकडी (धागाकर्ती)

ओळखीतल्या एका मुलीचं सुट्टीचं वेळापत्रक पाहिलं. सकाळी पोहणं, मग रोबोटिक्स, दुपारी सुलेखन, संध्याकाळी स्केटिंग. अहो, शाळेत निदान मधली सुट्टी तरी असते!

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना वेळेवर जेवू घाला, धडधाकट ठेवा, बाकी त्यांचं त्यांना बघू द्या. "कंटाळा आला" म्हणत मागेमागे फिरतात, फिरू देत. सुरुवातीला डोकं उठवतात, मग काहीतरी सुचतंच. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलाने घरातली यच्चयावत झाकणं जमिनीवर उभी धरून गरगर फिरवली आणि कुठलं किती वेळ फिरतं ते स्टॉपवॉच लावून वहीत लिहिलं. सगळ्यात मोठं झाकण जिंकेल अशी त्याची खात्री होती, पण जिंकलं एक छोटं, जाड पितळी झाकण. मग तेच सतरंजीवर, मग लाकडी पाटावर. माझे कान किटले, पण अख्खी दुपार सरली. हे कुठल्या शिबिरात शिकवतात?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या कलम ३१ मध्ये खेळाच्या बरोबरीने विश्रांती आणि फुरसत हेही मुलांचे हक्क मानलेत. आपण फुरसतीलाच तासिका लावून ठेवल्या आहेत.

नाइट ड्यूटी

त्या दुपारी घरी कोण होतं, ते लिहायचं राहिलं तुमचं.

मी नर्स आहे. महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी असते, नवरा सकाळी निघतो. मुलगी सहा वर्षांची. मी झोपलेली असताना "तुझं तू बघ" म्हटलं की ती टीव्ही बघते, दुसरं काय करणार? एक झाकण जरी पडलं तरी मी ताडकन उठते, आणि रात्री वॉर्डात औषधांचे डोस मोजायचे असतात. त्यामुळे शिबिर माझ्यासाठी हौस नाही, गरज आहे. त्यातही ते साडेबाराला सुटतं, म्हणजे तिथेही अर्धीच सोय. तुमच्या तत्त्वज्ञानाला घरात एक जागं मोठं माणूस लागतं, एवढं तरी मान्य करा.

रिकामटेकडी

मान्य. पण तुम्हाला मुलगी सांभाळणारं कुणी हवंय, रमवणारं नव्हे. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि शिबिरवाले नेमकी तीच विकतात.

गणिताची बाई

वर्गातून बोलते. सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे पाढे आणि भागाकार पुन्हा उगाळण्यात जातात. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. सुट्टीत सरासरी महिनाभराची शिकवणी पुसली जाते आणि गणिताचं नुकसान वाचनापेक्षा जास्त, असं त्यात दिसलं. वाचनात तर मध्यमवर्गीय मुलं थोडी पुढेच सरकली होती, गरीब घरातली मागे पडली होती. म्हणजे "मोकळं सोडा" हा सल्ला सगळ्यांना सारख्याच भावात पडत नाही. रोज वीस मिनिटं काहीतरी करून घ्या म्हटलं तर बिघडलं कुठे?

उलटतपासणी

बाई, ते जुने आकडे पुढे वादात सापडले. चाचण्या कशा आखल्या आणि गुण कसे मोजले यावर घसरण मोठी की नगण्य हे बदलतं, असं पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये दाखवलं. वीस मिनिटांना विरोध नाही, पण भीती घालून नको.

आणि कोणी कंटाळ्याने सर्जनशीलता वाढते म्हणण्याआधी मीच सांगतो. २०१४ चा तो गाजलेला प्रयोग मोठ्या माणसांवर होता. त्यांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले आणि मग प्लास्टिकच्या कपांचे उपयोग सुचवायला सांगितले. त्यावरून आठ वर्षांच्या पोराची पूर्ण सुट्टी ठरवायची? कंटाळलेलं मूल झाकणं फिरवतं तसंच धाकट्या भावाला चिमटेही काढतं. माझ्या घरी दुसराच प्रकार जास्त चालतो.

दोन दांडगोबांचा बाप

वेळापत्रक नको आणि मोकाटही नको, तर सामान द्या. दोऱ्या, जुन्या चादरी, खोकी, टायर, पाट्या. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे असं भंगाराचं खेळाचं मैदान काढलं होतं. झोपाळे-घसरगुंड्यांच्या जागी लाकडं, विटा आणि हत्यारं. कल्पना सोरेन्सन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टची. तयार खेळण्यांपेक्षा बांधकामावरचं पडलेलं सामान मुलांना जास्त ओढतं, हे त्याने हेरलं होतं. मुलं आपली घरं आपणच बांधायची आणि पाडायची.

आमच्याकडे खुर्च्यांवर चादर ताणून तंबू होतो. तो दर वेळी मधोमध पडतो, मग गाठ कुठे मारायची यावर जुंपते. मी मध्ये पडत नाही.

नाइट ड्यूटी

पण त्या एमड्रुपला मुलांजवळ मोठं माणूस नेमलेलं होतं ना? जॉन बर्टेल्सन. खेळ शिकवायला नाही, नुसतं तिथे असायला. मी तेच तर म्हणतेय! तुम्ही मध्ये पडत नाही, पण घरात तर असता.

दोन दांडगोबांचा बाप

इथे मी निरुत्तर.

रिकामटेकडी

मग मागणी तशी करूया ना. मोकळी जागा, थोडं सामान आणि एक शांत मोठं माणूस, संध्याकाळपर्यंत. प्रमाणपत्र नको, शेवटच्या दिवशीचं गॅदरिंग तर अजिबात नको.

उलटतपासणी

असलं शिबिर चालणार नाही. पैसे भरल्यावर पालक पहिलं विचारणार, "आज काय शिकवलं?" उत्तर "काही नाही" आलं की दुसऱ्या दिवशी नाव काढून घेणार.

गणिताची बाई

एक राहिलं. 'नुसतं असायला' हे पाण्याजवळ चालत नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. काही क्षणांत गप्प खाली जातं. तलाव असो की टब, तिथे मोबाइल खिशात आणि नजर मुलावर. लहान मूल तर हाताच्या अंतरावरच हवं.

नाइट ड्यूटी

हे सोळा आणे खरं.

आमच्या चार घरांनी पाळ्या लावायचं ठरवलंय. ज्याची सुट्टी, त्याच्या घरी त्या दिवशी चारही पोरं. तक्ता अजून पुरा झालेला नाही, पण कुणाच्या मुलाला टीव्ही किती वेळ, यावरून पहिली बाचाबाची झाली आहे.