मदत हवी आहे : रोज चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० ची नियमित तपासणी कशी ठेवावी?

नमस्कार.

सासऱ्यांनी १९९६ साली घेतलेली, चार गिअरची आणि कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा व पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) मारुती ८०० आमच्याकडे आजही रोजच्या वापरात आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचे गाव असून शाळेत जाण्यायेण्यासाठी ती मीच चालवते. इंजिन उघडून करायच्या दुरुस्तीविषयी मला विचारायचे नाही. गाडी रस्त्यात बंद पडण्याआधी कोणत्या गोष्टी, किती दिवसांनी पाहाव्यात, एवढाच प्रश्न आहे.

माहितीपुस्तिकेतले वेळापत्रक माझ्याकडे आहे, परंतु ते मुख्यतः किलोमीटरवर बेतलेले आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे. माझे रोजचे अंतर थोडे असल्याने किलोमीटर सावकाश वाढतात. मात्र रस्त्याचा शेवटचा टप्पा पांदणीचा असल्यामुळे उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि कपाशी उपटल्यानंतर वाटेवर पडलेल्या पऱ्हाट्या, असे सर्व काही गाडीच्या पोटाखाली जात असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शिवाय कार्ब्युरेटर समजणारे मिस्त्री विरळ झाले आहेत. नव्या मुलांचे काम स्कॅनरवर चालते आणि या गाडीला स्कॅनर जोडण्याची सोयच नाही.

सध्या दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीचे पाणी आणि टायरमधील हवा पाहते. यापलीकडे तीन शंका आहेत. पहिली अशी की, दुपारी बाजारात थोडा वेळ थांबून पुन्हा निघताना इंजिन नुसते फिरत राहते, लवकर सुरू होत नाही. सकाळी मात्र चोक ओढताच सुरू होते. दुसरी, एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे उन्हाळ्यात इंजिन तापणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे. तसे करावे का? तिसरी शंका मला सर्वाधिक काळजीची वाटते : २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा या गाडीच्या कोणत्या भागांवर परिणाम होतो आणि तो वेळेत कसा ओळखावा?

नवी गाडी घ्या, हा सल्ला घरी पुरेसा मिळतो. तो येथे नसावा, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचा संबंध आगीशी आहे.

त्या काळातील रबरी नळ्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन क्लिपेजवळ तडकतात. टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत आणि टाकीकडे परत जाणारी, अशा सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेऊन नव्या क्लिपांसह एकदमच बदलून घ्याव्यात. एक बदलली आणि दुसरी ठेवली, असे करू नये. त्यानंतरही रविवारच्या तपासणीत बॉनेट उघडल्याबरोबर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे. इथेनॉलमुळे टाकीतील जुना गाळ सुटतो, म्हणून पेट्रोल फिल्टर सुरुवातीला लवकर चोंदतो.

आपल्या गाडीतला पेट्रोल पंप यांत्रिक असून तो इंजिनलाच जोडलेला आहे. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरू शकते. त्यामुळे डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहताना ऑइल कमी झाले का, एवढेच पाहून भागत नाही. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पंप व ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

दुपारी होणारा त्रास बहुधा उष्णतेचा आहे. इंजिन बंद केल्यावर हवा खेळत नाही, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळते आणि त्याची वाफ इंजिनच्या वाटेत भरून राहते. अशा वेळी चोक अजिबात ओढू नये. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, तो वारंवार दाबू-सोडू नये, आणि मग स्टार्टर मारावा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळून तर जात नाही ना, हेही पाहून घ्यावे.

थर्मोस्टॅट काढू नये. तो नसला की थोड्या अंतराच्या प्रवासात इंजिन पुरेसे तापतच नाही, जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते आणि सिलिंडरची झीज वाढते. इंजिन तापत असेल तर कारण अन्यत्र शोधावे. गाडी उभ्या जागी चालू ठेवून रेडिएटरचा फॅन स्वतःहून सुरू होतो का, ते दर महिन्याला पाहावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, कापसाचे तंतू आणि किडे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या पाण्याने धुवावेत. बोअरचे पाणी मात्र रेडिएटरमध्ये घालू नये; आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड असते आणि आत क्षार धरतात.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे. ऑइल आणि एअर फिल्टरसाठी आपण केवळ किलोमीटरवर न जाता महिन्यांचाही हिशेब धरावा. ऑइल सहा महिन्यांनी किंवा ५,००० किलोमीटरनंतर, जे आधी येईल तेव्हा बदलावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून पातळी ठीक दिसली तरी ते दोन वर्षांनी बदलावेच.

टॅपेटकडे, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या बारीक फटीकडे, लोक दुर्लक्ष करतात. आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा मला गप्प झालेल्या टॅपेटची भीती अधिक वाटते, कारण फट उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थंड इंजिनवर ही फट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असावी. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनच्या फिरण्याशी जुळवून ठेवणारा पट्टा) रबरी असल्याने तो वयानेही संपतो. शेवटचा केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायचा झाला आहे असेच समजावे आणि त्याच वेळी ऑइल सीलही बदलून घ्यावेत.

पांदणीतून आल्यावर गाडीखाली वाकून पाहण्याची सवय ठेवावी. पऱ्हाटी सायलेन्सरला अडकली तर पेट घेऊ शकते आणि तिच्या टोकाने पुढच्या चाकांच्या एक्सलच्या जॉइंटवरील रबरी बूट, म्हणजे आवरणे, फाटतात. फाटलेल्या बुटातून धूळ आत गेली की काही दिवसांतच वळताना कटकट आवाज येऊ लागतो. बूट स्वस्त आहे, जॉइंट नाही. टायरची नक्षी शाबूत असली तरी त्याच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, त्यावरून टायर किती जुना आहे ते कळते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टायमिंग बेल्टची नोंद घरात सापडली नाही, तेव्हा तो बदलायलाच टाकते. आर्वी, पुलगाव किंवा वर्धा येथे कार्ब्युरेटरचे काम करणारे मिस्त्री कसे शोधावेत, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

मारुतीच्या जुन्या ओम्नी व्हॅन जिथे दुरुस्त होतात, तिथे चौकशी करावी. ओम्नीत हेच ७९६ सीसीचे इंजिन होते, त्यामुळे तेथील मिस्त्रींना ते ठाऊक असते आणि सुटे भागही मिळतात. हवा-पेट्रोलचे मिश्रण बरोबर लावले की नाही, हे त्यांच्या कानावर सोपवू नये. दर सहा महिन्यांनी पीयूसी काढताना कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापून येतो. १९९६ च्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. दर खेपेला तो वाढत असेल, तर आधी एअर फिल्टर आणि चोक पूर्ण मागे जातो का ते पाहावे, आणि त्यानंतरच कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू द्यावा.